एएफपीची केस आली की आधी तारीख नीट विचारा

एमबीबीएसनंतरच्या बाँडवर (सक्तीच्या सरकारी सेवेवर) सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, रुजू होत असाल, तर ओपीडी, लसीकरण, मीटिंगा हे सगळं हळूहळू अंगवळणी पडतं. एएफपी (अक्यूट फ्लॅसिड पॅरालिसिस, म्हणजे अचानक आलेला लुळेपणा) पडत नाही, कारण केस क्वचितच येते. पोलिओ नजरेतून सुटू नये म्हणून १५ वर्षांखालच्या मुलाला अचानक लुळेपणा आला की कळवायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी पहिल्या केसला हात थरथरतात. माझ्या तर आजही फोन वाजला की पोटात गोळा येतो.

निदान करत बसू नका. जीबीएस (गियाँ-बारे, नसांचा आजार) असो, ट्रान्सव्हर्स मायलायटिस (मज्जारज्जूची सूज) असो, कुल्ल्यात इंजेक्शन घेतल्यावर लंगडणारं मूल असो, कळवा. आपण आजार कळवत नाही, लुळेपणा कळवतो. "पोलिओ तर कधीच गेला," म्हणणारे सीनिअर भेटतील. देशातली शेवटची वाइल्ड (लसीतल्या नव्हे, नैसर्गिक विषाणूच्या) पोलिओची केस जानेवारी २०११ मधली, हावड्याची. मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्रही मिळालं. पण संसर्ग झालेल्या साधारण २०० मुलांत एकालाच लुळेपणा येतो, बाकीची अंगणात खेळत असतात. म्हणून ते एक मूल सुटून चालत नाही. २०२४ मध्ये मेघालयात लसीतल्या विषाणूपासून उद्भवलेली केस सापडली, ती कोणीतरी कळवली म्हणूनच.

आता तारखेचं. इथे मी फार झगडले, म्हणून जरा लांबवते.

लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने. विषाणू पहिल्या दोन आठवड्यांत जास्त बाहेर पडतो आणि तोही रोज सारखा नाही, म्हणून दोन. हा नियम सोपा आहे, पण १४ दिवस मोजायचे कुठून? आई तापाची तारीख सांगते. केसपेपरवर ॲडमिशनची असते. आपल्याला हवी असते ती तिसरीच, आणि ती कुठेच लिहिलेली नसते. समजा, पाय १ तारखेला लुळा पडला, देवऋषी आणि गावातले डॉक्टर करून मूल ७ तारखेला मिरजेत दाखल झालं आणि दुसरा नमुना १७ ला घेतला. ॲडमिशनपासून मोजलं तर १० दिवस, नमुना पुरेसा, रिपोर्ट निगेटिव्ह, फाइल बंद. खरं तर १६ दिवस झालेत. नमुने अपुरे आहेत. अशा मुलाला ६० दिवसांनी पुन्हा तपासून लुळेपणा उरलाय का ते पाहायचं असतं, गरज पडली तर केस तज्ज्ञ समितीपुढे जाते. चुकीच्या तारखेने हे सगळं गुपचूप टळतं, आणि कागद मात्र स्वच्छ दिसतो.

म्हणून "कधीपासून?" असं विचारूच नका. "ताप आल्यापास्नं पडूनच हाय" एवढंच उत्तर मिळतं. "वहिनी, पोरगं शेवटचं स्वतःच्या पायानं परसाकडं कधी गेलं?" असं विचारा. आजीला वेगळं विचारा, ती जास्त नेमकं सांगते. बाजाराचा वार, बेंदूर, शिराळ्याकडे असाल तर नागपंचमी, त्याच्या आधी की नंतर? ऊसतोडीच्या टोळीतलं मूल असेल तर फडावर जाऊन मुकादमालाही विचारा. पाय लुळा पडला त्या दिवशी मुलाच्या आईचा खाडा झालेला असतो आणि तो मुकादमाच्या वहीत असतो. मूळ गाव जतचं असो की बीडचं, तेही लिहून घ्या, तिकडे कळवावं लागतं.

उशीर झालाय म्हणून नमुना सोडू नका. १४ दिवस उलटले तरी ६० दिवसांपर्यंत घेतात. अंगठ्याएवढा नमुना पुरतो. तो लशीच्या कॅरिअरमध्ये ठेवायचा नाही, त्याचा कॅरिअर वेगळा असतो. आइसपॅक भरपूर घाला, तीन दिवसांत लॅबमध्ये पोचलाच पाहिजे.

साप्ताहिक झिरो रिपोर्ट ("या आठवड्यात एकही केस नाही" असं कळवणारे) महिनाभराचे आधीच भरून ठेवण्याची युक्ती कोणी शिकवली, तर त्या माणसाकडून दुसरं काहीही शिकू नका. शून्य लिहिण्याआधी वॉर्डचं रजिस्टर उघडून बघायचं असतं. पोलिओ नसतानाही १५ वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला किमान एक लुळेपणाची केस सापडायला हवी, असा जागतिक निकष आहे. सतत शून्य येत असेल तर कोणीतरी बघत नाहीये. ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये बालरोगतज्ज्ञांनी लहान मुलांचे दुर्मिळ आजार दर महिन्याला कळवायला सुरुवात केली, त्यातही "काही आढळलं नाही" हे कळवावं लागायचं. त्यामागचा विचार हाच.

गोवर-रुबेला, घटसर्प याच यंत्रणेत येतात; एकदा एएफपी जमलं की ते अवघड जात नाही.

गुरू शोधायचाच तर जुना आरोग्यसेवक शोधा. कोणत्या वस्तीवर कोणाचं पोर लंगडतंय हे त्याला आणि आशाताईंना तुमच्या आधी कळतं. आणि घाबरू नका, केस कळवली आणि ती एएफपी निघाली नाही, तर कोणी रागवत नाही. शंका आली की त्याच दिवशी, रात्र झाली असली तरी, एसएमओंना (या सर्वेक्षणाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना) फोन लावा. कळवल्यापासून ४८ तासांत तपासणी व्हायची असते, आणि तुम्ही सकाळपर्यंत थांबलात तरी मुलाच्या १४ दिवसांतला वेळ जातच राहतो.