ऑइल पेंटिंगचे रंग उडू नयेत म्हणून काय करायचं: फिल्म नंतर, आधी भिंत

साताऱ्याच्या पेठेतल्या जुन्या वाड्यात पणजोबांचं ऑइल पोर्ट्रेट असलं की सल्ला एकच मिळतो, खिडकीला यूव्ही फिल्म (उन्हातले डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण अडवणारी पातळ फिल्म) लावा, काम झालं. नाही होत! यूव्ही अडवलं तरी डोळ्याला दिसणारा उजेडही रंग उडवतो, आणि गेलेला रंग परत येत नाही. जुना अलिझरिनसारखा (अलिझरिन हा एक गडद लाल रंग) लाल आधी जातो, गेरू आणि पिवळी माती टिकतात. फ्रेमच्या कडेखाली झाकलेली पट्टी आणि बाहेरचा रंग ताडून बघा, काय गेलंय ते लगेच कळतं.

आता भिंत, म्हणजे चित्र टांगायचं कुठे ते. मीही सगळ्यात जास्त अडकलो ते इथंच, कारण भिंत मे महिन्यात बघून ठरवतात सगळे. मे मध्ये दुपारी ऊन डोक्यावर असतं, दक्षिणेच्या खिडकीतून काहीच आत येत नाही, आपल्याला वाटतं भिंत सुरक्षित आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेला कलला की तेच ऊन पार खोलीच्या मध्यापर्यंत घुसतं. म्हणून संक्रांतीच्या आसपास एक अख्खा दिवस सकाळ, दुपार, संध्याकाळ बघा. पांढऱ्या फरशीवरून उसळणारा उजेडसुद्धा धरा, तो कुणी मोजतच नाही.

उजेड मोजायला फोनमधलं लक्स मीटरचं ॲप चालतं (लक्स हे उजेडाचं माप), आकडा अंदाजे असतो पण पुरतो. फोन चित्राच्या जागी भिंतीला टेकवा, स्क्रीन खोलीकडे. म्युझियममध्ये ऑइलसाठी साधारण 200 लक्सची मर्यादा धरतात. खरा हिशोब मात्र लक्स गुणिले तास असा आहे, 2000 लक्स एक तास म्हणजे 200 लक्स दहा तास. त्यामुळे घरात कुणी नसताना जाड पडदा ओढून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भारी उपाय.

मग फिल्म लावा. फ्रेमवरचा हॅलोजन दिवा काढा, एलईडी लावा.

आणि कृपा करून घाबरून चित्र गुंडाळून माळ्यावर टाकू नका. कायमच्या अंधारात ऑइल रंगातलं जवसाचं तेल पिवळं पडतं, पावसाळ्यात वर बुरशी धरते ती वेगळीच. वरचं वॉर्निश पिवळं झालं असेल तर तो प्रश्न वेगळा, तिथं बटाटा, खोबरेल काही चोळायचं नाही, चित्रं दुरुस्त करणाऱ्या जाणकारालाच दाखवायचं.