संत्र्या-लिंबाची चव लिहिताना या चुका टाळा

संत्र्याचे वर्णन म्हटले की 'आंबटगोड आणि रसाळ' ठरलेलेच. खोटे काही नाही, पण तेच मोसंबीलाही चालते आणि पपनसालाही. मग वाचकाला कळले काय?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सालीचा वास आणि रसाची चव एकत्र कालवणे. लिंबाचा ओळखीचा वास येतो तो मुख्यतः सालीतल्या तेलाचा. आंबटपणा रसातल्या सायट्रिक आम्लाचा, आणि त्या आम्लाला वास नसतो. म्हणून आधी साल नखाने दाबून नुसता वास घ्या. मग नाक चिमटीत धरून फोड खा. जीभ आंबट, गोड, कडू एवढेच सांगेल; नाक सोडले की संत्रे ओळखू येते. दोन्ही वेगवेगळे टिपा. वासाला 'ताजा' म्हणून सोडून देऊ नका. लिंबाच्या सालीत गवती चहाची आठवण येते, ती उगीच नाही: सिट्रल हे द्रव्य दोन्हींत असते.

कडू आणि तुरट यांची गल्लत तर सर्रास होते. आवळ्याने तोंड ओढल्यासारखे होते, तो तुरटपणा. पपनसाच्या फोडीवरचा पापुद्रा मात्र कडू असतो, नारिंजिन या कडू द्रव्यामुळे. मोसंबीच्या रसाचे आणखी वेगळे. काढल्या काढल्या गोड लागणारा रस ठेवला की कडवट होतो, कारण लिमोनिन हे कडू द्रव्य रस निघाल्यावर त्यात हळूहळू तयार होते. त्यामुळे 'मोसंबी कडू निघाली' असे लिहिण्याआधी रस किती वेळ ठेवला होता ते पाहा. ताजा रसच कडू लागला तर बिया किंवा पांढरी साल भरडली गेली असेल.

आंबूस हा शब्द आंबायला लागलेल्या रसासाठी राखून ठेवावा.

नागपुरी संत्र्याबद्दल लिहिताना बहर, म्हणजे फळ कोणत्या हंगामातल्या फुलोऱ्याचे आहे, ते सांगितलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. हिवाळ्याच्या तोंडाशी येणारा आंबिया बहर जास्त आंबट, फेब्रुवारी-मार्चमधला मृग बहर गोडीला सरस. बहर न सांगता 'नागपुरी संत्रे गोड' म्हटले तर डिसेंबरात खाणाऱ्याला ते पटणार नाही.

फ्रिजमधून काढलेले फळ लगेच चाखू नका. थंडपणात गोडी आणि वास दोन्ही दबतात. आणि महाळुंग असेल तर रसावर शब्द खर्चू नका. त्यात रस थोडा, जाड साल फार, आणि सुगंध सगळा त्या सालीतच.