नदीकाठी उतरण्याआधी

पर्यावरणशास्त्राच्या एमएस्सीचा प्रोजेक्ट बहुधा शेवटच्या सत्रात येतो आणि पुण्यातल्या मुलांची नजर आपसूक मुळा-मुठेकडे वळते. वळू दे. पण विषयाआधी कॅलेंडर उघडा. सत्र जानेवारीत सुरू झालं आणि सबमिशन मेमध्ये असलं, तर पावसाळा तुमच्या वाट्याला येतच नाही. 'ऋतूनुसार बदल' असं भारदस्त शीर्षक घेऊन गाइडकडे गेलात तर पहिल्याच भेटीत कात्री लागेल, आणि लागायलाच हवी. खडकवासल्याच्या खाली, विठ्ठलवाडी, संगम आणि बंडगार्डन अशी चार ठिकाणं, पंधरा दिवसांनी एक खेप, एवढं पुष्कळ झालं. पावसाळ्याचे आकडे हवेच असतील तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जुन्या नोंदी घ्या, फक्त त्या दुसऱ्याने मोजलेल्या आहेत हे स्पष्ट लिहा.

गाइड मॅडमकडे तुमच्यासारखे आणखी चार-पाच जण असतात. भेटीचा वार पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि जे ठरलं ते त्याच संध्याकाळी चार ओळींच्या मेलने त्यांना कळवा. "असं मी कधी म्हटलं?" हे एप्रिलमध्ये ऐकावं लागलं की घाम फुटतो.

मग लॅब. इन्क्युबेटर कोणाकडे आहे, रसायनं शिल्लक आहेत का, हे लॅबमधल्या काकांना विचारा. त्यांना सगळं माहीत असतं. आपल्याकडे बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते, नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवून काढतात. गुरुवारी नमुना आणून लावला की तिसरा दिवस रविवार, आणि रविवारी लॅबला कुलूप. मी ही चूक केली आहे, दोनदा. खेप सोमवारी किंवा मंगळवारी ठेवा.

पिशवीत ३०० मिलीच्या काचेच्या बीओडी बाटल्या, दोरीची बादली, हातमोजे आणि बर्फ भरलेला थर्माकोलचा डबा. सीओडीच्या (घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते) बाटलीत सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणायचा आणि ती बर्फात ठेवायची. डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, मात्र काठावरच रसायनं घालून फिक्स करायचा, लॅबमध्ये आणून नाही. बाटली काठोकाठ भरा, आत बुडबुडा नको. मँगनस सल्फेट आणि मग अल्कली आयोडाइड-अझाइड, दोन्ही पिपेटचं टोक पाण्याखाली बुडवून सोडा, बूच लावून उलटसुलट करा. साका तपकिरी आला तर पाण्यात ऑक्सिजन आहे. एकदा माझ्या बाटलीत तो पांढराशुभ्रच राहिला. मला वाटलं रसायन बिघडलं. दुसरी बाटली भरली, तीही पांढरी. पाण्यात प्राणवायूच नव्हता.

लेबलवर पेन्सिलनेच लिहा, पेनची शाई ओली झाली की पसरते. आदल्या दिवशी पाऊस पडला होता का, धरणातून पाणी सोडलं होतं का, हे वहीत हवंच. नाहीतर एखादा आकडा अचानक सुधारलेला दिसतो आणि तुम्ही सांडपाणी प्रकल्पाला श्रेय देऊन मोकळे होता.

संदर्भ वाचतानाच स्वतःच्या शब्दांत टिपत जा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे नाही.

एकट्याने पाण्यात उतरू नका. घाटावर धुणं धूत बसलेल्या मावशींना आधी विचारा. कुठल्या पायरीवर शेवाळ आहे ते त्या बोट दाखवून सांगतात.