घर बघण्याआधी उतारा बघा: गावाकडचं घर कर्जावर घेताना या चुका टाळा

कर्नाटकातल्या खानापूर, निपाणी, चिकोडी भागात गृहकर्जाच्या फायली करून मला बरीच वर्षं झाली. तरी दर महिन्याला कुणीतरी येतंच, घर पसंत करून, इसार देऊन, आणि मग विचारतं, "कर्ज होईल ना?" हा प्रश्न इसाराआधी विचारायचा असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पंचायतीचा उतारा कुठला आहे ते न बघणं. गावठाणातलं घर किंवा रीतसर एनए (बिनशेती) झालेल्या मंजूर लेआउटमधलं घर असेल तर ई-स्वत्तूतून, म्हणजे ग्रामपंचायतींच्या मिळकत नोंदींच्या ऑनलाइन प्रणालीतून, नमुना ९ आणि ११अ निघतो. बाकीच्यांच्या हातात ११ब पडतो. त्याच्यावर घरपट्टी भरता येते, पण बहुतेक बँका फाईल तिथंच मिटवतात.

खानापूर तालुक्यातलं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. १०० रुपयांच्या बाँडवर दोन लाख देऊन बसलेलं. बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतून चार घड्यांचा कागद काढला. "दादा, उतारा हाय की, शिक्काबी हाय." कागद कन्नडमध्ये, वर ११ब. शेतजमिनीचे गुंठे पाडून बांधलेलं घर. विकणाऱ्यानं पैसे तोवर मुलीच्या लग्नात घातलेले. वीस-पंचवीस हजार करत वर्षभर परत आले, शेवटचे चाळीस हजार आलेच नाहीत. त्या बाईंचा चेहरा मी विसरलेलो नाही.

म्हणून विकणाऱ्यानं दिलेली झेरॉक्स मी हातात धरत नाही. मिळकत नंबर घेऊन पंचायतीत जातो, पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) विचारतो, ताजी प्रत काढतो. मग टेप घेऊन जागेवर लांबी-रुंदी आणि चतुःसीमा जुळवतो. कन्नड वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला शेजारी बसवा आणि ओळ न् ओळ वाचून घ्या.

दुसरी चूक वारसांची. उतारा अजून आजोबांच्या नावावर आणि सही फक्त थोरल्या भावाची. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हिस्सा भावांइतकाच आहे. बहीण चंदगडला दिलेली असो की कोल्हापूरला, तिला खरेदीखताला बोलवाच. "ती काय मागत नाही" हे बँकेचा वकील ऐकून घेत नाही.

ईसी, म्हणजे मिळकतीवरचे बोजे आणि नोंदलेले व्यवहार दाखवणारा दाखला, नोंदणी खात्याच्या कावेरी या वेबसाइटवरून काढा. मी ३० वर्षांची काढतो. आवास योजनेचे १ लाख २० हजार स्वतःचं घर बांधायला मिळतात, तयार घर विकत घ्यायला नाही. कर्ज ३० लाखांपर्यंत असलं तरी घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपुढे बँक जात नाही, आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्च बहुधा खिशातूनच करावा लागतो.

"आठ दिवसांत ९ नंबर करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका. आधी एनए, मग लेआउट मंजुरी, मग नमुना ९.

आणि घाई असेलच, तर इसारपत्रात एवढी एक ओळ घालून घ्या: कागदपत्रांमुळे कर्ज नामंजूर झालं तर इसाराची पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत. विकणारा या ओळीला का-कू करायला लागला, तर मी तिथूनच उठतो.