युझू म्हणजे लिंबू नव्हे! जपानी घरातल्या आंबट-गोड फळांबाबत या चुका टाळा

तोक्योतल्या पहिल्याच हिवाळ्यात जवळच्या सुपरमार्केटात पिवळीधमक, खडबडीत सालीची फळं दिसली. आपल्या लिंबाच्या दुपटीहून मोठी. म्हटलं, वा, घसघशीत लिंबं! चार उचलली, घरी येऊन सरबतासाठी कापली. चारांतून रस निघाला जेमतेम पाव वाटी आणि बिया मात्र मूठभर. सालं गेली जळाऊ कचऱ्याच्या पिशवीत. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींना हे सांगितलं, तर त्या आधी हसल्या आणि मग खरोखर हळहळल्या. "अहो, टाकायचं ते ठेवलंत आणि ठेवायचं ते टाकलंत!"

ते फळ होतं युझू. तेव्हापासून दहाएक वर्षांत मी आणि इथे नव्याने आलेल्या माझ्या मैत्रिणींनी ज्या चुका केल्या, त्या इथे मांडते. बहुतेकींचं मूळ एकच आहे. आपण हिरवं-पिवळं दिसलं की त्याला लिंबू म्हणतो आणि केशरी दिसलं की संत्रं. जपानी घरात मात्र प्रत्येक फळाला नेमून दिलेलं काम असतं.

युझूचा रस काढून साल फेकणे

युझूचा जीव सालीत आहे. आपल्याकडे लिंबाची साल खाल्ली जाते ती लोणच्यात, तीही मुरून मऊ झाल्यावर. युझूची साल ताजी वापरतात, आणि इतकी कमी की आधी कंजूषपणाच वाटतो. आजींनी मला दाखवलं ते असं: सुरी आडवी धरून वरच्या पिवळ्या थराचा नखाएवढा पापुद्रा काढला, झाकणाच्या वाटीतल्या वाफाळत्या पातळ सूपवर ठेवला आणि लगेच झाकण लावलं. जेवायला बसल्यावर झाकण उघडलं की पहिला घोट घेण्याआधी नाकाशी वास येतो. तेवढ्यासाठीच तो पापुद्रा.

इथे दोन ठिकाणी घोटाळा होतो. एक, सालीबरोबर आतला पांढरा भाग आला की कडवटपणा येतो. आलाच तर पापुद्रा पालथा घालून सुरीने तो खरवडून काढा. दोन, साल किंवा रस उकळत्या भांड्यात आधीच टाकला की वास उडून जातो. गॅस बंद केल्यावर टाका. आपण वरणावर लिंबू शेवटीच पिळतो ना, तसंच.

डिसेंबरात युझू स्वस्त असतात. तेव्हा सालीचे तुकडे करून, प्लास्टिकच्या पातळ आवरणात गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा, पुढचे काही महिने पुरतात. बियाही लगेच टाकू नका. त्यांत पेक्टिन भरपूर असतं. मार्मलेड करताना त्या मलमलच्या पुरचुंडीत बांधून भांड्यात सोडल्या की पाक छान धरतो.

सुदाची, काबोसू, शिकुवासा सगळं एकच समजणे

तिन्ही हिरवी, तिन्ही आंबट, त्यामुळे गोंधळ व्हायचाच. सुदाची सगळ्यांत जास्त पिकतं ते शिकोकू बेटावरच्या तोकुशिमा प्रांतात. आकार पिंगपाँगच्या चेंडूएवढा किंवा थोडा मोठा. काबोसू क्यूशू बेटावरच्या ओइताचं, जवळजवळ टेनिसच्या चेंडूएवढं. तोकुशिमाच्या माणसासमोर सुदाचीला काबोसू म्हणू नका. आपल्याकडे देवगडच्या बागायतदाराला "हा रत्नागिरी हापूस ना?" विचारल्यावर त्याचा चेहरा जसा होतो, तसाच इथेही होतो. शिकुवासा ओकिनावाचं, काबोसूहून बरंच लहान. ते उन्हाळ्यात हिरवं असताना पिळायला वापरतात आणि हिवाळ्यात पिवळं झालं की सोलून खातात.

सुदाची आणि काबोसू मात्र पिवळं होण्याची वाट बघत ठेवू नका. माझी एक मैत्रीण आठवडाभर ओट्यावर "पिकायला" ठेवून बसली होती. पिवळं पडलं की त्यांचा तो कोवळा, झणका वास ओसरतो. हिरवी असतानाच पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये ठेवा.

पिळण्याची पद्धतही उलटी. आपण लिंबाची फोड कापलेली बाजू खाली धरून पिळतो. काबोसू पिळताना कापलेली बाजू वर ठेवतात. रस सालीवरून ओघळत खाली येतो, सालीतलं सुगंधी तेल सोबत आणतो आणि बिया बऱ्याचशा वरच अडकतात. मी आता साधं लिंबूही असंच पिळते. सासूबाई व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाल्या, "अगं, उलटं धरलंयस!"

शरद ऋतूत भाजलेल्या सान्मा माशाबरोबर किसलेला मुळा आणि सुदाची हवंच. ओइताकडचे लोक काबोसू मिसो सूपमध्येसुद्धा पिळतात. तुम्ही मासे खात नसाल तर थंड सोबा नूडल्सवर सुदाचीच्या पातळ चकत्या पसरून बघा.

पोनझूची बाटली न वाचता घेणे

'पोनझू' शब्दातलं 'पोन' डच भाषेतून आलं आहे. मुळात पोनझू म्हणजे आंबट फळांचा रस, आणि त्यात सोया सॉस घातला की ते पोनझू शोयू. बोलताना लोक दुसऱ्यालाही नुसतं पोनझूच म्हणतात. दुकानात मात्र दोन्ही शेजारीशेजारी असतात. एक बाटली फिकट, दुसरी काळपट. फिकट बाटलीतलं टोफूवर ओतलंत तर दात आंबतील आणि मीठही कमी लागेल.

शाकाहारी मंडळींनी आणखी एक बघायचं. काळपट बाटलीत बऱ्याचदा कात्सुओ नावाच्या सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. बाटलीवर फळाचं गोड चित्र असतं, म्हणून आत फळच असेल असं धरून चालू नका. घटकांची यादी फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचा. नाहीतर घरी करा: एक भाग सोया सॉस, एक भाग युझू किंवा दाइदाइ या कडवट संत्र्याचा रस, थोडं मिरिन (स्वयंपाकातली गोडसर तांदळाची दारू) आणि कोंबू या समुद्री वनस्पतीचा एक तुकडा. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून गाळलं की झालं.

युझू-कोशोबद्दलही असाच गैरसमज होतो. 'कोशो' म्हणजे मिरे, पण क्यूशूच्या बोलीत मिरचीलाही कोशो म्हणतात. त्या इवल्याशा बाटलीत हिरव्या युझूची साल, हिरवी मिरची आणि मीठ असतं. मिऱ्याचा दाणाही नसतो. लोणच्यासारखा चमचाभर घेतलात तर खारटपणाने तोंड वाकडं होईल. तांदळाच्या दोन दाण्यांएवढंच घ्यायचं. लोण्याबरोबर थालीपिठावर लावून मी खाते. पण हे माझं खूळ आहे, जपानी पद्धत नव्हे.

मिकानची पेटी आली तशीच ठेवून देणे

हिवाळ्यात कोतात्सू, म्हणजे खाली हीटर आणि वर रजई असलेलं बुटकं मेज, आणि त्यावर मिकानची टोपली, हे जपानी घराचं ठरलेलं चित्र. मिकान बिनबियांचं, सैल सालीचं. एहिमे, वाकायामा, शिझुओका इथून पाच-दहा किलोंच्या खोक्यांत येतं. ही पेटी कोपऱ्यात ढकलून वरून एकेक खात बसलात, तर तळाला हिरवट बुरशी तुमची वाट बघत असते. एक फळ बिघडलं की शेजारी लागलीच सुरुवात होते.

पेटी आली त्याच दिवशी सगळी फळं बाहेर काढा. दबलेली, ओली, मऊ पडलेली वेगळी करून आधी संपवा. उरलेली देठाकडची बाजू खाली ठेवून पुन्हा रचा. तिकडची साल जरा घट्ट असते, वजन सोसते. दोन थरांपेक्षा जास्त नको, मध्ये वर्तमानपत्र, आणि पेटी हीटर नसलेल्या थंड खोलीत किंवा दारापाशी. कोकणात आंबे पेंढ्यात लावणाऱ्यांना हे सांगायला नको.

निवडताना मोठं फळ चांगलं हा आपला हिशेब इथे बऱ्याचदा फसतो. मध्यम किंवा लहान, देठाची चकती बारीक आणि साल गराला चिकटलेली, असं घ्या. साल फुगून आतून पोकळ लागत असेल तर चव फिकी निघते. पांढरे दोरे नखाने काढत बसू नका, खाल्ले तरी चालतात. आणि रोज दहा-बारा खाऊन तळहात पिवळे दिसायला लागले तर घाबरू नका. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच असेल तर ती कावीळ नाही, फळातल्या रंगद्रव्याची करामत आहे. खाणं कमी केलं की रंग उतरतो. डोळेही पिवळे दिसले तर मात्र डॉक्टर गाठा.

एकाच पद्धतीने सगळं सोलणे

मियाझाकीचं ह्यूगानात्सू दिसायला मोठ्या लिंबासारखं. त्याचा पांढरा भाग कडू नसतो, उलट तोच खायचा असतो. सफरचंदासारखी वरची पातळ पिवळी साल तेवढी उतरवा आणि पांढऱ्यासकट फोडी करा. मी पहिल्यांदा ते संत्र्यासारखं पार गरापर्यंत सोललं होतं आणि हाती नुसता आंबटढाण गर उरला होता.

डेकोपॉन घेताना टेंगळाला नाक मुरडू नका. देठापाशी टेंगूळ असलेलं हे फळ १९७२ साली नागासाकीतल्या सरकारी संशोधन केंद्रात कियोमी आणि पोनकान या संत्र्याच्या दोन जातींच्या संकरातून तयार झालं. साखरेचा अंश किमान १३ आणि आम्लता १ टक्क्याच्या आत असेल तरच डेकोपॉन हे नाव लावता येतं. नाहीतर तेच फळ 'शिरानुई' नावाने स्वस्त मिळतं. आणि पोनकान या नावातलं 'पोन' म्हणजे चक्क पूना, आपलं पुणे! जपानी कोशांत हीच व्युत्पत्ती दिलेली असते. पुणेकरांनी यावर किती दिवस बोलावं ते त्यांनी ठरवावं.

कोचीचं बुनतान म्हणजे आपल्या पपनसाचं भावंड. साल जाड, चाकूने चिरा पाडून सोलायचं, प्रत्येक पाकळीची पापडीही काढायची. घरात कुणाला रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच खायला द्या. ग्रेपफ्रूटसारखं हेही काही औषधांचा परिणाम वाढवतं.

युझूच्या आंघोळीत उत्साह

२१-२२ डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, टबच्या गरम पाण्यात युझू सोडून आंघोळ करतात. आपल्या अभ्यंगस्नानाची आठवण येते खरी, पण नरकचतुर्दशीच्या कारिटासारखं युझू पायाखाली फोडायचं नसतं. चिरून टाकलेल्या युझूच्या सालीतलं तेल नाजूक कातडीला चुरचुरतं. आमच्या लेकीच्या मांड्या लाल झाल्या होत्या. अख्खी फळं तरंगू द्या आणि मुलांना ती पिळू देऊ नका.

तुमचा टब पाणी फिरवून पुन्हा गरम करणारा असेल तर फळं जाळीच्या पिशवीत घाला. बिया-गर टबच्या गाळणीत अडकून हीटर बंद पडला की ऐन थंडीत मेकॅनिकची वाट बघावी लागते, हा स्वानुभव.

बी पेरून झाडाची वाट बघणे

पहिल्या चार युझूंच्या त्या मूठभर बिया मी काही फेकल्या नव्हत्या, बाल्कनीतल्या कुंडीत पेरल्या होत्या. त्यांतलं एक रोप जगलं. नंतर शेजारच्या आजींनी एक म्हण ऐकवली: पीच आणि चेस्टनटला तीन वर्षं, पर्सिमॉनला आठ, आणि युझू महामूर्ख, त्याला अठरा. लवकर फळ हवं असेल तर रोपवाटिकेतून कलम आणा, असं त्या म्हणाल्या. मी आणलंही, आणि त्याला गेल्या वर्षी पाच फळं लागली. बियांच्या कुंडीत मात्र अजून नुसते काटे आहेत, चांगले बोटभर लांब.