उशाजवळची पिस्तुलाची तिजोरी निवडताना

अमेरिकेतील ज्या घरात कायदेशीर पिस्तूल आहे आणि लहान मुलेही आहेत, तेथे तिजोरी किती सेकंदांत उघडते यापेक्षा ती चुकीच्या हाताने उघडते का, हे आधी तपासावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने बोटाच्या ठशावर चालणाऱ्या सुमारे ६१,००० तिजोऱ्या परत मागवल्या. ठसा नोंदवला गेला असे मालकाला वाटत असूनही त्या इतरांच्या बोटांनी उघडू शकत होत्या.

म्हणून तिजोरी रिकामी असतानाच घरातील प्रत्येकाचे बोट लावून पाहावे, मुलांचेही. ओल्या बोटाचा ठसा पुष्कळदा ओळखला जात नाही, त्यामुळे अंधारात चाचपून दाबता येतील अशी चार-पाच यांत्रिक बटणे मला अधिक भरवशाची वाटतात. मात्र १-२-३-४ असा क्रम ठेवू नये. कुलूप लावलेली रिकामी पेटी गादीवर जोराने आपटावी. काही स्वस्त पेट्यांची खिटी अशा धक्क्याने सरकते. पेटी पलंगाच्या लोखंडी चौकटीला पोलादी दोरीने बांधावी. जादा किल्ली शेजारच्या खणात ठेवली, तर सारे मुसळ केरात, कारण मुलांना घरातला प्रत्येक खण ठाऊक असतो.