दोन कॅमेऱ्यांच्या सेन्सरची तुलना कशी करावी

जेपीईजी चित्रात सेन्सरइतकाच कंपनीच्या प्रक्रियेचाही हात असतो, म्हणून तुलनेसाठी दोन्ही कॅमेऱ्यांच्या रॉ फाइली (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न झालेली माहिती) घ्याव्यात आणि त्या एकाच सॉफ्टवेअरमध्ये, नॉइज रिडक्शन (दाणेदारपणा कमी करणे) व शार्पनिंग (कडा ठळक करणे) बंद ठेवून उघडाव्यात. दृश्य स्थिर आणि प्रकाश न बदलणारा असावा. चौकटीत काळे कापड, बारीक छपाई आणि थोडे रंग असले म्हणजे पुरे.

शटरचा वेग व ॲपर्चर (लेन्समधील प्रकाशाचे छिद्र) दोन्हीकडे सारखे ठेवावे, पण आयएसओच्या, म्हणजे प्रकाशसंवेदनशीलतेच्या, आकड्यावर भिस्त ठेवू नये. आयएसओ 12232 हे मानक उत्पादकांना बरीच मोकळीक देते, त्यामुळे दोन कॅमेऱ्यांवर 3200 हाच आकडा असूनही रॉ फाइलींचा उजळपणा वेगळा निघू शकतो. तो नंतर सॉफ्टवेअरमध्ये जुळवावा.

सर्वाधिक गफलत होते ती चित्र शंभर टक्के मोठे करून पाहताना. 45 मेगापिक्सेलच्या चित्राचा एकेक पिक्सेल 24 मेगापिक्सेलच्या पिक्सेलशेजारी ठेवला, तर पहिला कॅमेरा विनाकारण बदनाम होतो. दोन्ही चित्रे आधी समान पिक्सेलसंख्येवर आणावीत. सेन्सरचा आकारही ध्यानात घ्यावा: फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरचे क्षेत्रफळ 864 चौरस मिलिमीटर, तर मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरचे सुमारे 225. समान एक्स्पोजरला पहिल्यावर जवळजवळ चौपट प्रकाश पडतो आणि केवळ तेवढ्याने सिग्नल-नॉइज गुणोत्तर (खऱ्या प्रकाशाचे दाणेदारपणाशी प्रमाण) सुमारे दुप्पट होते. हा क्षेत्रफळाचा फायदा आहे, तो तंत्रज्ञानाचा विजय म्हणून मिरवण्यात अर्थ नाही.

माझ्या मते सर्वांत बोलकी चाचणी सावल्यांची. सर्वांत कमी मूळ आयएसओवर चार-पाच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) अंडरएक्स्पोज केलेले, म्हणजे मुद्दाम कमी प्रकाश देऊन टिपलेले, छायाचित्र सॉफ्टवेअरमध्ये तेवढेच उजळावे, म्हणजे पट्टे, हिरवट-जांभळट झाक आणि दाणेदारपणा लपत नाही. हीच चाचणी आयएसओ वाढवत पुन्हा करावी, कारण अनेक सेन्सर ठरावीक टप्प्यावर वाचनाची पद्धत बदलतात: सोनी ए7 थ्रीमध्ये तो टप्पा 640 चा आहे आणि तिथे सावल्या लगतच्या खालच्या आयएसओपेक्षा स्वच्छ येतात. एकाच आयएसओवर निकाल देणाऱ्याला हे कळतच नाही. इलेक्ट्रॉनिक शटर टाळावे. काही कॅमेरे त्यात 14 ऐवजी 12 बिटांची, म्हणजे कमी छटांची, फाइल देतात.

एक तृतीयांश स्टॉपहून कमी फरक दिसला, तर तो सेन्सरच्या खात्यावर मांडू नये. एकाच ॲपर्चरला दोन लेन्समधून पोहोचणारा प्रकाशही तेवढा कमी-अधिक असू शकतो.